नाव लक्षात राहण्यासाठी, कीवर्ड सापडण्यासाठी: डोमेनच्या चाळीस वर्षांची गोष्ट

 

गेले काही दिवस तुमचे बरेच मेसेज एकाच धाटणीचे येतायत. "दादा, वेबसाइट सुरू करायचीय. नाव काय ठेवू? नावातच कीवर्ड टाकला की गुगलवर वर येतो म्हणतात, खरंय का?" याचं उत्तर एका वाक्यात देता येतं, पण ते एक वाक्य तुम्हाला पटणार नाही. कारण यूट्यूबवर कुणीतरी नेमकं उलट सांगितलेलं असणार. म्हणून आज इतिहासात जाऊया. हाच प्रश्न तुमच्याआधी अनेकांना पडला होता. त्यातल्या काहींनी त्यावर कोट्यवधी रुपये घातले, काही कोर्टात गेले, काहींचं दुकानच बंद झालं. त्यांच्या खर्चाने आपण शिकून घेऊ.

फोन करा, नाव मिळवा

इंटरनेटच्या आधी अमेरिकेत आर्पानेट नावाचं जाळं होतं. विद्यापीठं, संशोधन संस्था आणि लष्कराची केंद्रं त्याला जोडलेली होती. प्रत्येक कॉम्प्युटरला एक आकडी पत्ता असायचा. पण माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत. (खरं सांगा, आज तुम्हाला घरच्या किती जणांचे मोबाइल नंबर पाठ आहेत?) म्हणून आकड्यासमोर नाव लिहिलेली एक फाइल ठेवलेली असायची. तिचं नाव 'होस्ट्स'.

ही फाइल सांभाळायचं काम कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या एका माहिती केंद्रात चालायचं. केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. सगळे त्यांना 'जेक' म्हणायचे. नवीन कॉम्प्युटरला नाव हवं असेल तर त्यांच्या ऑफिसशी संपर्क साधायचा, तेही ऑफिसच्या वेळेत. मग ते नाव यादीत चढवायचे आणि सगळ्यांनी नवी यादी उतरवून घ्यायची. गावातल्या एकुलत्या एका तलाठ्याकडे सगळ्या नोंदी असाव्यात, तसा प्रकार.

गाव लहान होतं तोवर हे निभलं. मग यादी फुगत गेली. जॉन पोस्टेल या शास्त्रज्ञाने पॉल मॉकापेट्रिस या सहकाऱ्याला यावर तोडगा काढायला सांगितलं आणि १९८३ मध्ये मॉकापेट्रिसने डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, मांडली. कल्पना साधी होती: सगळी यादी एकाच ठिकाणी ठेवायची नाही, प्रत्येक गटाने आपापली नावं सांभाळायची. १९८४ मध्ये गट ठरले. व्यवसायांना डॉट कॉम, शिक्षणसंस्थांना डॉट एज्यु, सरकारला डॉट गव्ह, लष्कराला डॉट मिल, इतर संस्थांना डॉट ऑर्ग. ही विभागणी ठरवण्यात फाइनलर यांच्या गटाचा मोठा वाटा होता.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. नाव जन्माला आलं ते माणसाच्या लक्षात राहावं म्हणून. तेव्हा सर्च इंजिन नव्हतं, कीवर्ड नव्हता आणि जाहिरातही नव्हती.

सहा नावं आणि एक बर्गर

१५ मार्च १९८५ रोजी पहिलं डॉट कॉम नोंदवलं गेलं: सिम्बॉलिक्स डॉट कॉम. मॅसॅच्युसेट्समधली ही कंपनी खास प्रकारचे कॉम्प्युटर बनवायची. त्या अख्ख्या वर्षात किती डॉट कॉम नोंदले गेले असतील? सहा! आज नाव शोधताना 'हे घेतलेलं आहे' असं पंचविसाव्यांदा वाचलंत की या सहा जणांची आठवण काढा.

तेव्हा नावं फुकट मिळायची आणि मोठमोठ्या कंपन्यांना त्यांची किंमत कळलेली नव्हती. १९९४ मध्ये जॉश क्विटनर नावाच्या पत्रकाराने ही गंमत उघड केली. त्याने मॅकडोनल्ड्सला विचारलं की तुमचं नाव इंटरनेटवर मोकळं पडलंय, घेणार का? तिथे कुणाला काही पडलेलं नव्हतं. मग त्याने मॅकडोनल्ड्स डॉट कॉम स्वतःच्याच नावावर नोंदवलं आणि 'वायर्ड' मासिकात त्यावर लेख लिहिला. आता मात्र कंपनीला जाग आली. क्विटनरने स्वतःसाठी काही मागितलं नाही. ब्रुकलिनमधल्या एका सरकारी शाळेला कॉम्प्युटरच्या सोयीसाठी मदत करा, म्हणाला. कंपनीने साडेतीन हजार डॉलर दिले आणि आपलं नाव परत घेतलं.

१९९५ च्या सप्टेंबरपासून फुकटचा जमाना संपला. दोन वर्षांचे १०० डॉलर पडू लागले. तेव्हापासून नावाचा प्लॉट झाला. ज्याने आधी घेऊन ठेवलाय त्याच्याकडे जायचं आणि तो सांगेल तो भाव द्यायचा.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे अल्टाव्हिस्टा. गुगलच्या आधी सर्च म्हटलं की लोक याच सर्च इंजिनचं नाव घ्यायचे. डिजिटल इक्विपमेंट कंपनीने ते १९९५ च्या डिसेंबरमध्ये सुरू केलं, पण अल्टाव्हिस्टा डॉट कॉम हे नाव कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्याच एका छोट्या कंपनीकडे होतं. मग यांचा पत्ता काय? अल्टाव्हिस्टा डॉट डिजिटल डॉट कॉम. एवढं मोठं कोण टाइप करणार? लोक छोटं नाव टाकायचे आणि भलत्याच ठिकाणी पोहोचायचे. शेवटी १९९८ मध्ये, डिजिटलला विकत घेणाऱ्या कॉम्पॅकने त्या एका नावासाठी सुमारे ३३ लाख ५० हजार डॉलर मोजले. आधी नाव तपासलं असतं तर?

मुंबई हायकोर्टात एका अक्षराचा खटला

हे सगळं तिकडचं झालं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर मुंबईतून रेडिफ सुरू झालं. पोर्टलचं नाव झालं, आणि लगेच दुसऱ्या कुणीतरी 'रॅडिफ' असं नाव नोंदवलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक एका अक्षराचा: 'ई'च्या जागी 'ए'. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. १९९९ मध्ये कोर्टाने रेडिफच्या बाजूने मनाई हुकूम दिला आणि सांगितलं की डोमेन नेम म्हणजे नुसता इंटरनेटवरचा पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं. पुढे २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या 'सिफी' या नावावरून झालेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेही हेच तत्त्व मान्य केलं.

हे तुम्हाला का सांगतोय? कारण अजूनही कुणीतरी सल्ला देतोच की एखाद्या प्रसिद्ध ब्रँडच्या नावात एक अक्षर बदल, ट्रॅफिक आपोआप येईल. ट्रॅफिक येईल की नाही ते माहीत नाही, नोटीस नक्की येईल. नाव पक्कं करण्याआधी सरकारच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर सार्वजनिक शोध घ्या. त्याला पैसे पडत नाहीत.

शब्दांचा लिलाव

आता कीवर्डकडे येऊ. सुरुवातीच्या सर्च इंजिनांची अक्कल बेताची होती. पानावर एखादा शब्द जितक्या वेळा, तितकं ते पान त्या विषयाचं, असा त्यांचा साधारण हिशोब. मग लोकांनी काय केलं? पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शंभर शंभर वेळा लिहिला. वाचणाऱ्याला दिसायचं नाही, मशीनला दिसायचं. पानाच्या कोडमध्ये 'मेटा कीवर्ड' नावाची एक जागा असायची, तीही लोकांनी ठासून भरली. शेवटी २००९ मध्ये गुगलने जाहीरच केलं की आम्ही रँकिंगसाठी ती जागा बघतच नाही. तरीसुद्धा आज कुणी 'मेटा कीवर्ड भरून देतो' म्हणत पैसे मागितले तर हा किस्सा त्याला ऐकवा.

१९९८ मध्ये बिल ग्रॉस या उद्योजकाच्या गोटू डॉट कॉमने वेगळीच चाल खेळली. त्यांनी सर्चमधल्या शब्दांचा लिलाव मांडला. एका क्लिकसाठी जो जास्त बोली लावेल, त्याची साइट वर. ही कंपनी पुढे ओव्हरचर झाली आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. दरम्यान २००० च्या ऑक्टोबरमध्ये गुगलने ॲडवर्ड्स सुरू केलं, फक्त ३५० जाहिरातदार घेऊन.

लिलाव म्हटला की माल बघायला मिळायला हवा. म्हणून ओव्हरचरने एक साधन सगळ्यांना वापरायला दिलं. त्यात शब्द टाकला की गेल्या महिन्यात तो त्यांच्या जाळ्यावर किती वेळा शोधला गेला ते दिसायचं, जवळपासचे शब्दही दिसायचे. विचार करा, त्याआधी गिऱ्हाइकाच्या मनात काय चाललंय हे कळायला दुकानदाराला गल्ल्यावर वर्षानुवर्षं बसावं लागायचं. आता ते आकड्यात दिसू लागलं. आज ज्याला आपण कीवर्ड रिसर्च म्हणतो, त्याचं बाळसं इथे दिसतं.

दोन गोष्टींची गल्लत

आणि इथेच गल्लत झाली. लोक म्हणाले, जो शब्द सगळ्यात जास्त शोधला जातो, तोच डोमेन म्हणून घेऊन टाकू! १९९९ मध्ये बिझनेस डॉट कॉम हे नुसतं नाव ७५ लाख डॉलरला गेलं. पाळीव प्राण्यांचं सामान विकणाऱ्या एका कंपनीकडे पेट्स डॉट कॉम होतं. याहून नेमका कीवर्ड कुठला असणार? कंपनी २००० च्या फेब्रुवारीत शेअर बाजारात आली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली. नाव अचूक होतं, पण धंद्याचं गणित तोट्याचं होतं, आणि नाव ते गणित दुरुस्त करू शकलं नाही.

त्याच काळातला दुसरा माणूस जेफ बेझोस. त्याने आधी कंपनीचं नाव 'कडाब्रा' ठेवलं होतं. फोनवर वकिलाला ते 'कडॅव्हर' ऐकू आलं, म्हणजे प्रेत! नाव बदललं. मग आलं ॲमेझॉन. तेव्हा साइट्सच्या याद्या अक्षरक्रमाने असायच्या, म्हणून 'ए'ने सुरू होणारं नाव सोयीचं होतं. तो विकायचा पुस्तकं, पण नावात पुस्तक नव्हतं. त्यामुळे उद्या दुसरं काहीही विकायला तो मोकळा राहिला. गुगल हे नावही तसंच. 'गूगोल' या प्रचंड मोठ्या संख्येच्या नावावरून घेतलेलं, चुकीच्या स्पेलिंगचं. १९९७ मध्ये नोंदवलं तेव्हा त्या शब्दाला काही अर्थच नव्हता. अर्थ नंतर कामाने दिला.

पण कीवर्डवाल्या डोमेनचा मोह काही गेला नाही, कारण बरीच वर्षं तो चालला. 'बेस्ट चीप अमुक तमुक' अशी लांबलचक नावं घ्यायची, आत चार ओळींचा मजकूर टाकायचा आणि जाहिरातींवर कमवायचं. मग २८ सप्टेंबर २०१२ रोजी गुगलच्या मॅट कट्सने एक बदल जाहीर केला: तंतोतंत कीवर्डचं डोमेन असलेल्या पण दर्जा नसलेल्या साइट्स निकालांत खाली जाणार. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी ०.६ टक्क्यांवर परिणाम, असा त्यांचा आकडा होता. ऐकायला चिल्लर वाटतं. पण ज्याची सगळी कमाई तशा वीस साइट्सवर होती, त्याला ते चिल्लर वाटलं नसणार.

तर मंडळी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या इतिहासात आहे. डोमेन ही दुकानाची पाटी आहे आणि कीवर्ड म्हणजे गिऱ्हाईक आत येऊन काय मागतं ते. पाटी लक्षात राहायला हवी. मागितलेला माल आत, पानापानांवर असायला हवा.

मराठीत हे कसं करायचं?

कीवर्ड रिसर्चची सुरुवात कुठल्याही टूलने करू नका, तुमच्या व्हॉट्सॲपने करा. गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. समजा तुम्ही पैठणी विकता. लोक 'हातमाग वस्त्रपरंपरा' असं विचारत नाहीत. "खरी पैठणी कशी ओळखायची?", "पैठणी घरी धुतली तर चालते का?", "सेमी पैठणी म्हणजे काय?" असं विचारतात. यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक पान.

मग तेच शब्द गुगलमध्ये टाका आणि खाली कुठल्या सूचना येतात ते बघा. गुगल ट्रेंड्सवर दोन शब्दांची तुलना करा. साइट चालू झाल्यावर सर्च कन्सोल जोडा. लोक नेमकं काय शोधून तुमच्यापर्यंत आले ते त्यात दिसतं, आणि हे सगळं फुकट आहे. एक आपली खास अडचणही लक्षात ठेवा: आपण एकच गोष्ट तीन प्रकारे शोधतो. देवनागरीत, रोमन लिपीतल्या मराठीत आणि सरळ इंग्रजीत. तिन्ही तपासा. तुमचं गिऱ्हाईक कुठल्या लिपीत विचार करतं ते तुम्हालाच ओळखायचंय.

नावासाठी माझी एकच परीक्षा आहे. मित्राला फोन करा, नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका आणि त्याला टाइप करायला लावा. मराठी नावं इथेच अडकतात. 'वाडा'चा व 'व्ही'ने की 'डब्ल्यू'ने? 'खीर'मधली ई दोन 'ई'ची की एका 'आय'ची? मध्ये आडवी रेघ असेल तर ती तोंडाने सांगणार कशी? तीन मित्रांनी तीन वेगळी स्पेलिंग्ज टाकली तर ते नाव सोडा. आणि नावात आजचा एकच पदार्थ अडकवू नका. 'फक्त मोदक' असं नाव ठेवलंत तर गणपती गेल्यावर काय विकणार?

डॉट कॉम मिळालं नाही तर डॉट इन आहेच. त्याचाही इतिहास मजेशीर. कित्येक वर्षं डॉट इनचा कारभार मुंबईतल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होता, आणि नियम इतके कडक की मोजक्याच लोकांनी ती नावं घेतली. २००५ मध्ये नोंदणी सगळ्यांना खुली झाली आणि मग गर्दी उसळली. ऑगस्ट २०१४ मध्ये तर देवनागरीत 'डॉट भारत' आलं. मराठी अक्षरांत पत्ता! आतून मात्र कॉम्प्युटर ते नाव रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक ओळीत बदलून घेतो, आणि काही ॲप्स किंवा फॉर्म अजूनही त्यावर गोंधळतात. म्हणून मी म्हणेन, आवडलं तर जरूर घ्या, पण सोबत रोमन लिपीतलं नावही ठेवा.

पाटी कुणाच्या नावावर आहे?

आता शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. डोमेन विकत मिळत नाही, ते भाड्याने मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. भाडं चुकलं की काही दिवस सवलत असते, मग नाव पुन्हा बाजारात.

मोठ्यांकडूनही हे होतं. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टने पासपोर्ट डॉट कॉमचं नूतनीकरण केलंच नाही आणि हॉटमेलच्या अनेक लोकांना लॉगिन होईना. एका परक्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डवरून ३५ डॉलर भरले, तेव्हा गाडी रुळावर आली. २०१५ मध्ये तर मूळच्या कच्छमधल्या मांडवीच्या, आधी गुगलमध्येच काम केलेल्या एका तरुणाला गुगल डॉट कॉम १२ डॉलरला विकत मिळालं! मिनिटभरात तो व्यवहार रद्द झाला, पण बक्षीस मिळालं. ते त्याने दान केलं.

त्यांचं निभलं, कारण ते मोठे होते. माझ्या ओळखीतल्या एका काकूंचं निभलं नाही. घरगुती मसाल्यांचा त्यांचा व्यवसाय. साइट बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यात नोंदवलं. दोन वर्षं सुरळीत गेली. मग त्याने फोन उचलणं बंद केलं आणि एक दिवस साइट गायब. काकूंनी बिल दिलं होतं, पैसे वेळेवर दिले होते, पण कागदोपत्री नाव त्यांचं नव्हतंच. पाकिटांवर, रिक्षामागच्या बोर्डावर, जुन्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये तोच पत्ता होता. छापून ठेवलेली हजारो पाकिटं त्यांनी त्या पत्त्यावर स्टिकर चिकटवून वापरली. एकेक स्टिकर हाताने.

म्हणून साइट कुणाकडूनही बनवून घ्या, पण डोमेन तुमच्या ईमेलवर, तुमच्या खात्यात, तुमच्या नावावर असू द्या. ऑटो रिन्यू चालू ठेवा आणि कार्डची मुदत संपली की तिथेही बदला. टू-स्टेप लॉगिन लावा. आधीच बनवून घेतली असेल तर आज रात्री बनवणाऱ्याला एवढंच विचारा: "डोमेनचं लॉगिन माझ्याकडे देता का?" उत्तर द्यायला त्याला किती वेळ लागतो, त्यावरून बरंच काही कळेल.

चला, आजच्यापुरतं एवढंच. नाव ठरवलंत की तीन मित्रांना फोन करा आणि त्यांनी काय टाइप केलं ते आम्हाला कळवा. त्यातली सगळ्यात मजेशीर स्पेलिंग्ज पुढच्या भागात वाचून दाखवेन. तोवर, काळजी घ्या!